दोघांनी पाहिलेलं तेवढंच

माझा नवरा आयुष्यातली बहुतेक वर्षं जहाजावर होता आणि त्या सगळ्या वर्षांत त्याने समुद्र फारसा पाहिलाच नाही. तो इंजिनरूममध्ये होता. वर डेकवर कोणी उडणारे मासे पाहिले, कोणी डॉल्फिनचे कळप पाहिले, आणि हा खाली, कानात बोळे घालून, तेलकट लोखंडी जिन्यांवरून चढउतार करत घामाने भिजलेला. सुट्टीवर घरी आला की शेजारचे विचारायचे, "काय काय बघितलंस रे?" तो बंदरांची नावं सांगायचा. मी विचारलं की खरं सांगायचा, "गेज बघितले गो. प्रेशर, टेंपरेचर. दुसरा काय बघतलंय थंय?"

तो कायमचा घरी आला त्याच्या पुढच्या वर्षी मीही शाळेतून निवृत्त झाले. सावंतवाडीला शिकवायचे मी, रोज एसटीने जाऊन येऊन. निवृत्तीची माझी कल्पना अगदी साधी होती. सकाळी उशिरा उठायचं, पेज करायची, पडवीत पाय वर घेऊन बसायचं आणि कोणाच्याही वह्या तपासायच्या नाहीत. आमचं घर खाडीच्या काठाला आहे, मालवणपासून थोडं दक्षिणेला. पडवीतून पाणी दिसतं. मला तेवढा समुद्र पुरेसा होता.

त्याला नव्हता. त्याने एक जुनी फायबरची होडी विकत घेतली. मूळ मालकाने मासेमारी सोडून पर्यटकांना पॅराशूटला बांधून उडवायचा धंदा सुरू केला होता, आणि होडी माडांत उपडी पडून होती. तिचं डिझेल इंजिन नवऱ्याने पडवीत आणून सुटं केलं. पुढचे कितीतरी महिने माझ्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. नटबोल्ट दह्याच्या डब्यांत, पिस्टन वर्तमानपत्रावर. मला वाटलं, याला दुरुस्तीचीच हौस आहे, दुरुस्त झाली की कोणाला तरी देऊन टाकेल. पण पावसाळा संपल्यावर एक दिवस तो म्हणाला, "चल, बघूक जावया."

"काय बघूक?"

"आसा ता."

अशी आमची ती सफर सुरू झाली. ऑक्टोबर ते मे, समुद्र शांत असेल तेव्हा, आठवड्यातून दोनदा तरी. रविवारी नाही, कारण रविवारी चर्चमध्ये मिस्सा. बाकी कुठलाही दिवस चालायचा. कधी खाडीने आत, कांदळवनातून, कधी बाहेर पडून उत्तरेला, कधी दक्षिणेला निवतीच्या बाजूला, जिथे समुद्रात दीपगृहाचे खडक आहेत आणि त्यांच्या गुहांतून पाकोळ्या सुटतात.

यादी करायची कल्पनाही त्याचीच. जहाजावर प्रत्येक गोष्टीची नोंद होते, तेव्हा आपल्या होडीवरही व्हायला हवी. पण त्याला लिहायचं म्हणजे इंग्रजी मोठी अक्षरं, तीही गिचमिड. म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी सावंतवाडीच्या बाजारातून शाळेत असतो तसला हजेरीपट आणला, कारण त्यातल्या उभ्याआडव्या रेघांची मला सवय होती. डाव्या बाजूला नावं, वर तारखा. सुरय, कुरव, बगळा, खंड्या, समुद्र गरुड, डॉल्फिन, पाणमांजर, कासव. दिसला की त्याच्यापुढे ह. नाही दिसला की घर रिकामं. गैरहजेरी मी कधी मांडली नाही. तो तिथे असेल आणि आम्हालाच दिसला नसेल, असं असू शकतं ना.

पहिल्याच हंगामात भांडणाची वेळ आली. नवरा इतक्या वर्षांचा उपाशी होता की त्याला सगळीकडे प्राणी दिसायचे. तरंगत आलेली नारळाची सोडणं कासव व्हायची. जाळ्याला बांधलेला काळा डबा वरखाली झाला की पाणमांजर. "लिही गो, कासव लिही," तो सुकाणूवरून ओरडायचा आणि मी चष्मा पुसून बघेपर्यंत सोडण आमच्या बाजूने निघून जायचं, वर एक सुरय बसलेला. एकदा मी चांगलंच सुनावलं. म्हटलं, मी मुलांना वर्गात नसताना हजर मांडलेलं नाही, तर तुझ्या कासवाला कशी मांडू? मग आम्ही नियम केला. दोघांनी पाहिलं तर लिहायचं. एकट्याने पाहिलेलं बोलायचं, पण लिहायचं नाही.

त्याने तो नियम लगेच मान्य केला. जहाजावर राहिलेला माणूस, नियम म्हटला की त्याला बरं वाटतं.

मी मात्र दमत होते. हे कोणाला सांगताना विचित्र वाटतं, कारण लोकांना वाटतं बोटीतून फिरणं म्हणजे मजा. आमच्या किनाऱ्यावर येणारे पर्यटक त्याचेच पैसे मोजतात. पण होडी म्हणजे एक जास्तीचं घर आहे आणि ते हलतं. आदल्या दिवशी डिझेलचे कॅन आणायचे. सकाळी लवकर उठून पाव आणि सुकटाची चटणी बांधायची, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, आल्याचा तुकडा विसरायचा नाही, कारण खाडीच्या तोंडाशी वाळूच्या बांधावर लाटा फुटतात तिथे माझ्या पोटात ढवळायला लागतं. ऊन वरून लागतं आणि पाण्यावरून उलटूनही लागतं. संध्याकाळी घरी आलं की होडीवरचं मीठ गोड्या पाण्याने धुवायचं, मग कपडे, मग स्वतःला. त्यानंतर रात्रीचा भात. गुडघे माझे शाळेतच गेलेले. होडीत चढताना एक पाय वर टाकला की दुसरा वर येईपर्यंत मला येशूची आठवण व्हायची.

आणि बघायला मिळायचं ते बहुतेक वेळा तेच ते. सुरय ह, कुरव ह, बगळा ह. डॉल्फिन दिसायचे, पण त्यांच्या मागे पर्यटकांच्या होड्या असायच्या. एकाने वळवली की सगळ्या वळायच्या. डॉल्फिन बुडी मारून दुसरीकडे निघाले की पुन्हा सगळ्या तिकडे. मोबाइल वर धरलेले हात आणि इंजिनांचा धूर. अशा वेळी नवरा आमचं इंजिन बंद करायचा आणि आम्ही लांब थांबायचो. तो आवाज ऐकून इंजिन कोणाचं नीट आहे आणि कोणाचं वर्षभरात बसणार, एवढं मात्र सांगायचा. डॉल्फिनबद्दल काही बोलायचा नाही.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, एप्रिलमध्ये, तो दिवस आला. आम्ही निवतीच्या खडकांकडून परतत होतो. खडकाजवळ पाणी उसळलेलं होतं आणि मी सकाळपासून दोनदा ओकले होते. परत फिरल्यावर मी कापडी छताखाली फळीवर आडवी झाले, ओला टॉवेल डोळ्यांवर घेतला आणि घर येईपर्यंत मला काही विचारू नकोस म्हणून सांगितलं. इंजिनचा आवाज एका लयीत चालला होता. मला डुलकी लागत होती.

एकदम आवाज बंद झाला. मी टॉवेल काढेपर्यंत नवरा उभा राहून हात दाखवत होता.

"बघ. थंय बघ गो. तुझ्या उजव्या हाताक."

मी उठून बसले. डोळ्यांसमोर अंधारी आली. उन्हात पाणी असं चकाकत होतं की काहीच दिसत नव्हतं.

"खंय?"

"थंय. आता खाली गेलो. परत येतलो वर. देवमासो. फवारो मारल्यान, मगे पाठ दिसली. लांब पाठ गो, संपाचीच नाय."

आम्ही थांबलो. होडी आडवी होऊन हलू लागली आणि माझ्या पोटात पुन्हा सुरू झालं. मी काठाला धरून त्या दिशेला बघत राहिले. तो उभाच होता, एक हात छताच्या दांड्याला, दुसरा कपाळावर. बराच वेळ गेला. एक कुरव आमच्यावरून गेला. लांब एक ट्रॉलर चालला होता. बाकी पाणी.

"गेलो," तो शेवटी म्हणाला. मग खाली बसला आणि माझ्याकडे बघून हसला. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला तसं हसताना फार कमी वेळा पाहिलंय. "लिही," तो म्हणाला.

हजेरीपट प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या उशाशीच होता. मी तो काढला नाही. "माका दिसाक नाय," मी म्हटलं.

"माका दिसलो."

"दोघांका दिसलो तर लिवचो. तसा ठरला हा."

त्याने इंजिन चालू केलं आणि घरापर्यंत मागे वळून बघितलं नाही. होडी बांधली, मीठ धुतलं, कॅन उचलून आणले, सगळं नेहमीसारखं. जेवताना मी म्हटलं की त्याच्यावर माझा विश्वास नाही असं नाही. तो म्हणाला, "माका ठावक आसा." आणि पुढचे दोन दिवस आमच्या घरात मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं झालं.

आज मागे वळून बघतानाही मला वाटतं की मी केलं ते बरोबर होतं. तो हजेरीपट आमच्या दोघांचा होता. एकदा देवमासा त्याच्या शब्दावर लिहिला असता, तर पहिल्या हंगामातली सगळी सोडणंही कासवं झाली असती. पण बरोबर असण्याने घरातलं जेवण गोड लागत नाही, तेही खरं.

पावसाळ्यात होडी वर ओढली, माडांत झाकून ठेवली. आमचा मुलगा मडगावहून आला होता. तो मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "मम्मी, ती होडी विकून टाका ना आता. तुझं वजन बघ किती उतरलंय." मी म्हटलं, डॅडींना सांग. त्याने सांगितलं नाही.

तिसऱ्या हंगामात आमची सफर बदलली. खाडीने आत जाणं नवऱ्याने जवळजवळ बंद केलं. कांदळवनात पाणमांजरं आहेत, खंड्याच्या तीन जाती आहेत, सावली आहे, तिथे मला ओकारी येत नाही. पण तिथे देवमासा येत नाही. आम्ही दर वेळी बाहेर, आणि प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा थोडं जास्त बाहेर. किनाऱ्यावरचे माड बारीक रेघ होईपर्यंत तो होडी न्यायचा, मग इंजिन बंद करून तासन्‌तास थांबायचा. मी छताखाली बसायचे, पण आता झोपायचे नाही. झोपायची मला भीतीच वाटायची. तो काही म्हणायचा नाही, पण माझे डोळे मिटले की त्याच्या लक्षात यायचं, आणि ते त्याच्या लक्षात आलंय हे माझ्या.

हजेरीपटात त्या महिन्यांची पानं जवळजवळ कोरी आहेत. अधूनमधून एखादा ह.

जानेवारीत मी एक दिवस म्हटलं, "माका जमाचा नाय रे. तू जा." तो एकटा गेला. मी पडवीत बसले, जशी मला निवृत्तीनंतर बसायचं होतं तशी, पाय वर घेऊन. आणि दिवसभर खाडीच्या तोंडाकडे बघत राहिले. दुपारी वारा वाढला तेव्हा उठून काठापर्यंत गेले आणि परत आले. तो दिवस कलायच्या आत आला. मी विचारलं, काय दिसलं? तो म्हणाला, "दिसला असता तरी काय?" रागाने नव्हे. चप्पल काढता काढता म्हणाला आणि आंघोळीला गेला. पुढच्या वेळी मी पुन्हा त्याच्याबरोबर गेले. घरी बसण्याचा थकवा होडीतल्या थकव्यापेक्षा कमी नव्हता.

मार्चमध्ये आमच्या उत्तरेला, दुसऱ्या एका गावच्या किनाऱ्यावर देवमासा लागला. मेलेला. सकाळी मोबाइलवर फोटो आले, दहा वाजेपर्यंत अख्ख्या तालुक्याला कळलं होतं. नवऱ्याने फोटो बघितला आणि मोबाइल माझ्याकडे परत दिला. "जावया काय?" मी विचारलं. त्याने मान हलवली. आम्ही स्कूटरने गेलो.

वास आधी आला. किनारा दिसायच्या आधी, सुरूच्या झाडांतूनच. लोक नाकाला रुमाल लावून उभे होते, पण उभे होते. बायका, शाळेतली मुलं, भाड्याच्या गाडीतून आलेले पर्यटक. वनखात्याची माणसं दोरी लावून लोकांना मागे सारत होती आणि बाजूला एक जेसीबी वाळूत खड्डा करत होता. देवमासा पाण्याच्या कडेला आडवा पडला होता. लांबी सांगून उपयोग नाही, एवढंच सांगते की एका टोकाकडे बघत असताना दुसरं टोक डोळ्यांत मावत नव्हतं. कातडी जागोजागी सोललेली, आत पांढरं. पोट फुगलेलं. पाठीच्या मागच्या भागाला एक खोल चीर होती, आणि लोक त्याबद्दल बोलत होते. कोणी म्हणालं, जहाज लागलं असेल. कोणी म्हणालं, आजारी असेल. वनखात्याचा साहेब स्वच्छ मराठीत सांगत होता, "कृपया मागे व्हा, आत वायू साठलेला असतो, फुटू शकतो."

नवरा दोरीपर्यंत गेला आणि त्या चिरेकडे बघत राहिला. मग मागे वळून, लोकांतून वाट काढत, थेट सुरूच्या सावलीत गेला आणि वाळूत बसला. मी त्याच्या मागोमाग गेले. हजेरीपट आणला नव्हता, पण मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी म्हटलं, "दोघांनी बघितला. लिवया?"

"मेललो लिवचो नाय," तो म्हणाला. "ह्यो काय आमका दिसलो? ह्यो येवन पडलो."

मी त्याच्या बाजूला बसले. जेसीबीचा आवाज चालला होता. तो हातात सुरूची सुकलेली काडी घेऊन तिचे बारीक तुकडे करत होता. आणि मग त्याने मला एक गोष्ट सांगितली, जी मला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हती.

तो तेव्हा एका मालवाहू जहाजावर होता, मुलगा लहान असताना. पहाटेची ड्यूटी. समुद्र शांत. अचानक इंजिनवरचा भार वाढला आणि जहाजाचा वेग कमी झाला.

"वरसून, ब्रिजवरच्या कॅप्टनाचो फोन इलो, काय झाला? मी सगळे गेज बघितले. इंजिनात काय बिघाड नाय. म्हटलंय, करंट आसतलो उलटो. तेल वाढवलंय. वेग परत बरो झालो."

"मगे?"

"दोन दिवस तसाच चालवला. बंदरात शिरताना समोरच्या बोटवाल्यान दाखवल्यान. जहाजाच्या नाकावर देवमासो. आडवो. पाण्याच्या जोरान थंयच धरललो." त्याने काडी टाकून दिली. "मी वर गेलंय तेव्हा क्रेनीन काढी होते. सगळे फोटो काढी होते."

"आधीच मेललो असतलो," मी म्हटलं.

"सगळे तसाच म्हणाले. असतलो. कोण जाणां. मी खाली होतंय. माका फकस्त लोड दिसलो."

मी विचारलं की हे कधी सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, "घराक येवन काय सांगू गो? इंजिन बरा चालला म्हणान?"

शाळेत असते तर काहीतरी बोलले असते, तीस मुलांपुढे बोलायला काहीतरी सापडतंच. इथे तो एकटा होता आणि मी त्याला इतकी वर्षं ओळखत होते. मी त्याचा हात धरला नाही, आम्ही चारचौघांत तसं करत नाही. थोडी सरकून बसले, एवढंच. दोरीपलीकडे जेसीबीने देवमाशाला ढकलायला सुरुवात केली तेव्हा लोक एकदम पुढे धावले आणि साहेबांचा आवाज त्यात बुडून गेला. आम्ही ते बघायला थांबलो नाही.

घरी आल्यावर मी आंघोळ केली, त्याने केली. वास तरीही नाकात होता. संध्याकाळी मी हजेरीपट काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, "गेल्या वर्षीचो तुझो तो लिवतंय. निवतीकडचो. जितो होतो ना?"

"जितो होतो."

"मगे सांग तारीख."

त्याने पानावरून एकदा बोट फिरवलं. मग हजेरीपट मिटून माझ्याकडे सरकवला. "नको," तो म्हणाला. "तुका दिसाक नाय. रवांदे." त्याच्या आवाजात रुसवा नव्हता. उलट त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं, आणि त्या रात्री तो लवकर झोपला. मी जागी होते. मला वाटत होतं, एवढी वर्षं हा माझ्या बाजूला झोपला आणि सुट्टी संपली की बॅग भरून गेला, आणि मी त्याला एसटीत बसवताना लोणच्याची बरणी फुटू नये म्हणून काळजी करत होते.

त्यानंतर तो बाहेर जायचं म्हणेनासा झाला. सांगून बंद केलं नाही. एका सकाळी खाडीच्या तोंडाशी यायच्या आधीच त्याने सुकाणू आत वळवलं. पुन्हा कांदळवनं, पुन्हा खंड्या. पाणमांजरांचं एक कुटुंब दिसलं, दोघांनाही, अगदी निवांत. मी ह लिहिला तेव्हा तो म्हणाला, "पिल्लां धरून लिव."

यंदाचा चौथा हंगामही आमचा तसाच गेला, थोडा थोडा. मध्यंतरी त्याच्या छातीत दुखलं. कुडाळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कॅन उचलू नका म्हणाले. आता डिझेल शेजारचा मच्छीमार आणून देतो. आम्ही जातो तेव्हा उशिरा निघतो आणि लवकर परततो. नोंदी कमी झाल्या आहेत. काही वेळा मी हजेरीपट पिशवीतून काढत नाही आणि तो विचारत नाही.

गेल्या आठवड्यात खाडीपलीकडच्या एका नातेवाइकाकडे बाळाचा बाप्तिस्मा होता, तिथे आम्ही होडीनेच गेलो. जेवण भरपूर झालं, वडे, मटण, वर खीर. परत येताना नवऱ्याने खाडीच्या मधोमध, वाळूच्या पट्ट्याजवळ, इंजिन बंद केलं आणि नांगर टाकला. म्हणाला, पाच मिनिटं. वारा छान होता. मी छताखाली फळीवर आडवी झाले. त्याने माझ्या पायांकडे पाठ टेकली. बाजूच्या खांबावर घार बसली होती, ती मला दिसली, त्याला दिसली की नाही ते मी विचारलं नाही.

जाग आली ती कोणीतरी होडीवर टकटक केली तेव्हा. मी उठून बसले. पाणी गेलं होतं. होडी वाळूत एका बाजूला कलून बसली होती आणि आजूबाजूला, घोट्याएवढ्या पाण्यात, वाळूतले तिसऱ्यांचे शिंपले वेचणाऱ्या बायका वाकून काम करत होत्या. त्यातलीच एक, टोपली कमरेवर घेतलेली, आमच्यासमोर उभी होती. नवरा अजून झोपलेला, तोंड उघडं.

"इंजिन बिघाडला काय गो?" तिने विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "आमका झोप लागली."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. "मगे आता भरती येईसर रवा," ती म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली. मी टॉवेल ओला करून त्याच्या डोळ्यांवर ठेवला, ऊन सरकून त्याच्या तोंडावर आलं होतं, आणि पुन्हा आडवी झाले.